उभी बेरीज, आडवी बेरीज

विद्यापीठात नोकरी केली असं सांगितलं, की आपल्या मंडळात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठला विषय शिकवायचीस?’ विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. भारतात मी सहा वर्षं शाळेत शिकवलं, एम.ए. झाले आहे, तेव्हा इथेही हातात खडूच असणार असं कुणालाही वाटेल. पण इथे मी शिकवलं नाही. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाच्या ऑफिसात मी अडीच वर्षं अर्धवेळ काम केलं, आणि माझा विषय होता पर्चेस ऑर्डर. इथल्या बोलीत पीओ. प्रयोगशाळांना लागणाऱ्या वस्तूंच्या ऑर्डरी काढायच्या, आलेल्या मालाची नोंद करायची, बिलं तपासून पुढे पाठवायची आणि महिनाअखेर विभागाच्या खात्यांचा मेळ घालायचा. एवढं सांगून झालं की समोरचा ‘अच्छा, अकाउंट्स!’ म्हणतो आणि गप्पा मुलांच्या शाळेकडे वळतात.

म्हणून हा विषय एकदा नीट सांगावा असं बरेच दिवस मनात होतं. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं इथल्या विद्यापीठांत शिकतात, कुणाचा नवरा, कुणाची सून तिथे संशोधन करते. त्यांच्या टेबलावर पोचणारी प्रत्येक बाटली, त्यांच्या बँकेत जमा होणारा प्रत्येक स्टायपेंड आधी कुठल्या तरी खात्यातल्या एका ओळीतून जातो. ती ओळ बरोबर असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं.

ही नोकरी मला मिळाली ती योगायोगानेच. एच-फोर व्हिसावर आलेल्या आम्हा बायकांपैकी काहींना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. माझा हातात पडल्यावर मी विद्यापीठातल्या तात्पुरत्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीत मॅनेजरबाईंनी विचारलं, हिशेब ठेवण्याचा काही अनुभव? मी त्यांना शालेय पोषण आहाराची नोंदवही समजावून सांगितली. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ. आज हजर मुलं १८४, म्हणजे २७ किलो ६०० ग्रॅम. कालची शिल्लक, आज शिजवलेला, उरलेला, रिकामी पोती किती. हजेरीपत्रकातला आकडा आणि तांदळाचा आकडा जुळला नाही तर तपासणीला आलेले साहेब सोडत नाहीत. शिवाय वर्षाअखेरीची निकालपत्रकं: प्रत्येक मुलाची आडवी बेरीज, प्रत्येक विषयाची उभी बेरीज, आणि कोपऱ्यात दोन्हींचा ताळा. तो जमेपर्यंत शाळेतून घरी जायचं नाही. बाई शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, हेच काम आहे, फक्त तांदूळ नाही.

खरोखर तसंच निघालं. पीओ म्हणजे नुसतं ‘हे पाठवा’ असं पत्र नसतं. विद्यापीठाने दुकानदाराला दिलेला तो लेखी शब्द असतो: ही वस्तू, इतके नग, ह्या भावाने पाठवा, म्हणजे आम्ही इतके पैसे देऊ. वस्तू आली की तिच्यासोबतच्या पॅकिंग स्लिपवरून माल मिळाल्याची नोंद होते. मग बिल येतं. पीओ, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तिन्ही कागद एकमेकांशी जुळले, तरच पैसे सुटतात. ह्याला इथे ‘थ्री-वे मॅच’ म्हणतात. वस्तू मागणारा एक, तिला मंजुरी देणारा दुसरा, पैसे चुकते करणारा तिसरा. एकाच माणसाच्या हातात तिन्ही दोऱ्या द्यायच्या नाहीत.

मला हे ऐकताना आपले किल्ले आठवले. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनीसाकडे, धान्यधुन्य आणि सामानाची कोठारं कारखानीसाकडे. एकाच्या मनात आलं म्हणून गड दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची सोय. आपल्या मंडळाच्या यादीत सबनीस, कारखानीस, पोतनीस, फडणीस, मुजुमदार सगळे आहेत. ह्या आडनावांच्या मुळाशी कागद नीट ठेवण्याचीच कामं होती, हे त्यांच्या इथे वाढलेल्या मुलांना एकदा जरूर सांगावं.

आता चुका कुठे होतात ते सांगते. गंमत अशी, की चोरी-लबाडी मी त्या अडीच वर्षांत एकदाही पाहिली नाही. चुका होतात त्या घाईतून, आणि ‘बघू नंतर’ ह्या दोन शब्दांतून.

पिपेटची टोकं घ्या. एका केसमध्ये दहा बॉक्स. विद्यार्थ्याने मागणीत ‘१’ लिहिलं, पण एक केस की एक बॉक्स? भाव केसचा आणि माल बॉक्सचा आला, तर बिल कशाशीच जुळत नाही. दुसरं, विक्रीकर. आमच्यासारख्या सरकारी विद्यापीठाला राज्याचा विक्रीकर माफ असतो, पण नव्या दुकानदाराचं यंत्र तो आपोआप लावून टाकतं. आठशे डॉलरच्या बिलावर चाळीस-पन्नास डॉलर जास्त. ते बिल तसंच पुढे ढकललं तर कुणी ओरडत नाही. परत पाठवलं तर दुरुस्त होऊन यायला दोन आठवडे जातात. तिसरं, वाहतूक. ज्वालाग्राही द्रावणं पाठवण्याचा खर्च वेगळा लागतो, तो पीओत धरलेला नसला की बिल जास्तीचं येतं. चौथं, अर्धवट माल. पाच बाटल्या मागवल्या, तीन आल्या, दोन बॉस्टनच्या गोदामात की आणखी कुठे, ‘बॅकऑर्डर’वर. मालाची नोंद करताना ‘आलं’ म्हणून पाचही लिहिल्या, की न आलेल्या दोन बाटल्यांचे पैसे जातात. आणि पाचवं, सगळ्यांत नेहमीचं: ड्राय आइसच्या खोक्यात माल येतो, विद्यार्थी घाईने खोकं फोडून नळ्या फ्रीजरमध्ये ठेवतो, ते त्याने करायलाच हवं, आणि पॅकिंग स्लिप खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. ती मागायला मी जिने चढून चौथ्या मजल्यावर जायची. पहिल्या वर्षी मुलं मला पाहून दचकत. नंतर दारामागे एक खिळा ठोकून त्यांनी तिथे स्लिपा अडकवायला सुरुवात केली. शाळेतही मुलांना सवय लागायला एवढाच वेळ लागतो.

ह्यावर खात्याचा नंबर. पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगतात ना, देश कुठला, नदीचा कुठला तीर, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, तसं इथे प्रत्येक खर्चाला सांगावं लागतं: कुठला विभाग, कुठला निधी, कुठला प्रकल्प, कुठल्या प्रकारचा खर्च. निधी वेगवेगळे असतात आणि त्यांचे स्वभावही वेगळे. राज्याकडून आलेल्या पैशाचं वर्ष आमच्याकडे ३० जूनला संपतं. आपल्या ३१ मार्चसारखीच धावपळ त्या महिन्यात असते. संशोधनासाठी केंद्र सरकारकडून आलेल्या अनुदानाला मात्र ३० जूनचं काही नसतं, त्याची स्वतःची मुदत असते. मुदत संपली की नवा खर्च करता येत नाही, आणि राहिलेली देणी त्यानंतर १२० दिवसांत मिटवावी लागतात. त्या पैशातून केलेला प्रत्येक खर्च तीन कसोट्यांवर उतरावा लागतो: तो वाजवी हवा, नियमात बसणारा हवा, आणि त्याच प्रकल्पासाठी झालेला हवा. मॅनेजरबाई म्हणायच्या, पहिल्या दोन कसोट्यांवर फारसं कुणी अडत नाही. तिसरीवर सगळे अडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. तिच्यासाठी आणखी एक शब्द समजून घ्यावा लागेल: एन्कम्ब्रन्स. माझे आजोबा बार्शीला किराणा दुकान चालवत. त्यांच्या गल्ल्यात नोटांच्या बाजूला एक कापडी पिशवी असे. घाऊक व्यापाऱ्याला माल सांगितला, की तेवढे पैसे ते मोजून त्या पिशवीत टाकत. पैसे अजून आपलेच, गल्ल्यातच, पण खर्चायचे नाहीत. त्यांच्यावर दिलेला शब्द आहे. मला ‘गोळ्या घ्यायला’ चार आणे हवे असत तेव्हा ते पिशवीला हात न लावता बाजूच्या चिल्लरीतून देत. एन्कम्ब्रन्स म्हणजे ती पिशवी. पीओ निघाला की तेवढी रक्कम खात्यात आपोआप अडकून राहते, आणि अहवालात ‘मोकळी शिल्लक’ म्हणून जो आकडा दिसतो तो पिशवी वजा करून. माल आला, बिल चुकतं झालं, की पिशवी रिकामी होते. पण माल आलाच नाही, आणि पीओ बंद करायचं कुणाला सुचलंही नाही, तर? पिशवी भरलेलीच राहते. आजोबा रोज रात्री रोजमेळ घालताना पिशवी उलटी करून पाहत. विद्यापीठात शेकडो पिशव्या असतात.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आमच्या विभागातले एक प्राध्यापक ऑफिसात आले. त्यांच्या अनुदानाची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा पगार शैक्षणिक वर्षापुरता, म्हणजे मेपर्यंत होता. उन्हाळ्याचे तीन महिने तिला ह्या अनुदानातून द्यायचे असं आधीपासून ठरलेलं. अहवालात मोकळी शिल्लक दिसत होती ६१२ डॉलर. ते म्हणाले, मी तिला सांगून टाकलंय की उन्हाळ्यात पैसे नाहीत. माणूस वाईट नव्हता. चेहऱ्यावरून झोप झालेली दिसत नव्हती.

ती मुलगी मला ओळखीची होती. दारामागचा तो खिळा तिनेच ठोकला होता. परदेशातून आलेली, माझ्यासारखीच. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना परवानगीशिवाय बाहेर कुठेही काम करता येत नाही, हे आपल्यातल्या पालकांना सांगायला नको. घरभाड्याचा करार मात्र बारा महिन्यांचा असतो. उन्हाळ्याचा पगार नाही म्हणजे तीन महिने उधारी, नाहीतर घरी फोन करून पैसे मागवायचे. तिच्या घरची परिस्थिती काय आहे हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, पण तिच्या डब्यावरून थोडंफार कळायचं.

अनुदानाच्या खात्यात प्रत्यक्ष शिल्लक होती १३,२४० डॉलर. त्यातले १२,६२८ पिशव्यांत अडकलेले. मी मॅनेजरबाईंना विचारून त्या एकेक पिशवीचा कागद काढला. मेपर्यंतचा त्या मुलीचाच पगार ३,८५६, तो बरोबर होता. उरलेल्या तीन पिशव्यांपैकी पहिली होती व्हॅक्यूम पंप आणि त्याच्या दोन सुट्या भागांची, आदल्या ऑक्टोबरमधली. पंप आला होता, त्याचे पैसे गेले होते. भागांचे ५,९५० डॉलर सहा महिने तसेच. दुकानदाराला फोन केला तेव्हा कळलं, की ते भाग बनवणंच बंद झालंय आणि तसं त्यांनी प्रयोगशाळेला डिसेंबरात कळवलंही होतं. प्रयोगशाळेत तो निरोप ज्याला मिळाला तो पदवी घेऊन निघून गेलेला. ऑफिसपर्यंत निरोप आलाच नव्हता. दुसरी पिशवी नायट्रोजनच्या सिलिंडरांची, वर्षभराची एकच ऑर्डर. तिच्यात २,७६० बाकी होते. महिन्याला सुमारे तीनशेचा गॅस लागायचा, तेव्हा ऑगस्टपर्यंत १,३६० पुरेसे होते, १,४०० मोकळे करता आले. तिसरी पिशवी फक्त ६२ डॉलरची, एका बाटलीचा भाव उतरला होता त्यातून उरलेली. असे ७,४१२ डॉलर सुटले. आधीचे ६१२ मिळवून ८,०२४.

उन्हाळ्याच्या एका महिन्याला पगार, विमा आणि विद्यापीठाचा ओव्हरहेड धरून २,६५० डॉलर लागत होते. तिन्ही महिन्यांचे ७,९५०. माझ्या कागदावर खाली ७४ डॉलर उरले. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो निकालपत्रकाचा ताळा पहिल्या फटक्यात जमल्यावर व्हायचा तसा होता.

पण उभी बेरीज झाली होती, आडवी राहिली होती. मेळ घालायचा म्हणजे ह्या खात्यात नको ते काय आहे एवढंच पाहून चालत नाही. जे ह्या खात्यात असायला हवं आणि नाही, तेही पाहावं लागतं. म्हणून मी त्या प्रयोगशाळेच्या नावाने आलेल्या सगळ्या मालाच्या नोंदी काढल्या, कुठल्याही खात्यावर असोत. मार्चमधल्या दोन ऑर्डरी सापडल्या, मिळून २,१४५ डॉलर. काचेची उपकरणं आणि एक महाग उत्प्रेरक. माल ह्याच प्रकल्पाचा, पण खर्च पडला होता विभागाच्या पदवीच्या प्रयोगशाळांच्या निधीवर, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं जिथे प्रयोग शिकतात त्या खात्यावर. अनुदानात पैसे नाहीत असं दिसत होतं, म्हणून कुणीतरी ‘तूर्त’ तो नंबर घातला होता.

म्हणजे अनुदानात शिल्लक आहे असं आता दिसत होतं, त्यातले २,१४५ मुळात त्याचे नव्हतेच. ते परत केले तर उरत होते ५,८७९. दोन महिन्यांचा पगार, तिसऱ्याचा नाही.

मी तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले होते मला आठवत नाही. ठरवणारी मी नव्हते, तात्पुरत्या जागेवरची अर्धवेळ बाई होते. मला सांगितलं होतं पिशव्या बघायला, आणि ते काम मी पूर्ण केलं होतं. मार्चच्या ऑर्डरींबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. तरी दोन्ही कागद मी एकत्रच बाईंच्या टेबलावर ठेवले. प्राध्यापकांना बोलावलं गेलं. ते म्हणाले, दोन्ही खिसे विद्यापीठाचेच आहेत, ह्या मुलीला गरज आहे, तो खर्च आहे तिथे राहू द्या. हे म्हणणं मला अगदी चुकीचं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर एका बाजूला समोर उभी असलेली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला नुसता नंबर.

बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी पदवीच्या प्रयोगशाळेची मागणीची यादी काढून टेबलावर ठेवली. सात पीएच मीटर मोडके. चोवीस मुलांच्या तुकडीला पाच चालू मीटर. निधी संपला म्हणून नवे नाकारलेले. त्या नंबरामागेही मुलंच होती, फक्त ती त्या दिवशी ऑफिसात आलेली नव्हती. खर्च एका खात्यावरून दुसऱ्यावर हलवायचा तर आमच्याकडे नव्वद दिवसांच्या आत, कारण लिहून, हलवावा लागतो. मार्चची तारीख त्यात बसत होती. प्राध्यापकांनी यादी वाचली आणि सही केली.

त्या मुलीला जून आणि जुलैचा पगार मिळाला. जूनच्या शेवटी, राज्याचं वर्ष संपायच्या आत, पदवीच्या प्रयोगशाळेत नवे मीटर आले. त्यांच्या खोक्यांवरच्या स्लिपा मीच काढल्या. ऑगस्टसाठी तिला दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे अर्ध्या वेळेचं काम मिळालं, पूर्ण वेळेचं नाही. पैशाची ओढाताण झाली असणार. एकदा जिन्यात भेटली तेव्हा ती म्हणाली, आधी काहीच नाही म्हणत होते, मग दोन महिने मिळाले, कसं ते कळलं नाही. मी म्हटलं, हिशेब पुन्हा पाहिला. तिसऱ्या महिन्याबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्याचा अधिकार मला नव्हता हे एक कारण, आणि कसं सांगायचं ते समजत नव्हतं हे दुसरं. आजही ती गोष्ट आठवली की सुटलेल्या पैशांचा आनंद आणि त्या एका महिन्याची बोच असं दोन्ही येतं, आणि त्यांची वजाबाकी मला जमलेली नाही. पण दोन कागदांपैकी एकच टेबलावर ठेवला असता, तर पुढच्या वेळी माझ्या कुठल्या आकड्यावर बाईंनी विश्वास ठेवायचा? पहिल्या कागदावरचे ७,४१२ खरे मानले गेले, ह्याचं कारण माझ्या हाती दुसराही कागद होता.

त्यानंतर विभागात एक नियम झाला. दर महिन्याला प्रत्येक प्रयोगशाळेकडे तिच्या उघड्या पीओंची यादी जायची आणि प्रत्येकापुढे तिघांपैकी एक लिहून यायचं: ‘माल येतोय’, ‘आला’, ‘येणार नाही’. नव्वद दिवसांपेक्षा जुनी ऑर्डर असेल तर फोन करायचा. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात मी वीस मिनिटं पीओ समजावून सांगायची. फळ्यावर पिशवी काढून दाखवायची. शिकवणं सुटलं नव्हतं म्हणायचं. पुढे धाकट्याच्या वेळी मी नोकरी सोडली, तेव्हा ती यादी कुणाकडे द्यायची हे आधी लिहून ठेवलं आणि मग निरोप घेतला.

दिवाळी आली की मला बार्शीचं वहीपूजन आठवतं. लाल कापडाच्या नव्या वहीवर आजोबा कुंकवाचं स्वस्तिक काढत, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहीत, आणि मग आम्हा मुलांना बत्तासे मिळत. लहानपणी वाटे, पूजा पैशाची आहे. पण पैसे गल्ल्यात असत, आणि पूजा होई ती कोऱ्या वहीची. वर्षभर जे लिहिलं जाईल ते खरं लिहिलं जावं, एवढंच मागणं असेल त्यात. आमच्या घरी आता वही नाही, लॅपटॉप आहे. नवरा हसतो, तरी पाडव्याला मी त्याच्या झाकणावर हळदकुंकू वाहते. की-बोर्डवर नाही, तेवढी अक्कल आहे.

आणि जाता जाता एक घरचं. आपलं मंडळही लोकांच्या वर्गणीवर चालतं. गणपतीत पन्नास जण पन्नास दुकानांतून काय काय आणतात: पत्रावळी, नारळ, ऐनवेळी लागलेलं एक्स्टेन्शन बोर्ड. त्याच्या पावत्या गाडीच्या खणात पडून राहतात आणि आपले खजिनदार डिसेंबरात प्रत्येकाला फोन करत बसतात. ते मागे लागतात म्हणून आपण वैतागतो. ह्या वर्षी फराळाच्या कार्यक्रमाला याल तेव्हा खण एकदा उघडून बघा. पावती पुसट झाली असेल तर मागे तारीख, रक्कम आणि कशासाठी ते पेनाने लिहा. आणि एखादी वस्तू सांगून ठेवली होती पण घेतली नाही, तर तेही आठवणीने कळवा. ते पैसे कुणाच्या तरी पिशवीत अडकलेले असतात.